विजेचा सरवा

शेतातले पीक कापून, पेंढ्या बांधून खळ्यावर नेल्या, तरी शेत अगदी रिकामे होत नाही. कापणीच्या वेळी गळून पडलेली कणसे आणि ढेकळांच्या आड राहिलेले दाणे मागे उरतात. ते वेचून घेण्याला आपल्याकडे ‘सरवा वेचणे’ असे म्हणतात. सरव्याने कोणी श्रीमंत होत नाही. परंतु ज्याच्या घरी धान्याची कणगी नाही, त्याची एका वेळची भाकरी त्यातून निघते. निसर्गात ऊर्जेचाही असाच सरवा जागोजागी विखुरलेला असतो. तो वेचून त्यावर लहान लहान उपकरणे चालविण्याची विद्या विद्युत् अभियंत्यांनी गेल्या काही दशकांत वाढीस लावली आहे. तिला ‘एनर्जी हार्वेस्टिंग’, म्हणजे ऊर्जेची सुगी, असे भारदस्त नाव मिळाले आहे खरे. पण तिच्या मिळकतीचा आकडा पाहिला म्हणजे सुगीपेक्षा सरवा हाच शब्द तिला अधिक शोभतो, असे वाटल्यावाचून राहत नाही.

ही ऊर्जा असते तरी कोठे? आगगाडी जाताना पूल थरथरतो, त्या थरथरीत ती असते. आपल्या अंगाची ऊब अहोरात्र हवेत निघून जाते, त्या उबेत ती असते. खिडकीतून आलेल्या कवडशात ती असते. या ऊर्जेपासून वीज मिळते, हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दोन भिन्न धातूंचे सांधे निरनिराळ्या तापमानांत ठेवले असता त्यांच्या जवळची चुंबकसूची हलते, असे सीबेक या शास्त्रज्ञास १८२१ साली आढळले. उष्णतेच्या फरकामुळे वीज वाहू लागते, हे त्याचे कारण होय. काही स्फटिक दाबले असता त्यांवर विद्युत्भार प्रकट होतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. रेडिओच्या आरंभीच्या काळातील स्फटिक-संचाला तर बॅटरीच लागत नसे. दूरच्या केंद्राकडून आलेल्या लहरींची ऊर्जाच कानाला लावलेल्या यंत्रातून आवाज उमटवी. अशा कामी येणाऱ्या गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकाचे अमेरिकन पेटंट आपल्या आचार्य जगदीशचंद्र बसू यांना १९०४ साली मिळाले होते. तेव्हा सरवा जुनाच आहे. नवीन आहे ती तो वेचणाऱ्याची काटकसर. आणि या लेखाचा विषयही तीच आहे.

पण घरोघरी वीज असताना आणि दुकानात बॅटऱ्या मिळत असताना ही यातायात कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, काही जागा अशा असतात जेथे तार नेता येत नाही आणि बॅटरी बदलणे सोपे नसते. हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या पेसमेकरचेच पाहा. त्याची बॅटरी काही वर्षांनी संपत आली, की रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. शरीराच्या आत बसवायचे उपकरण जितके लहान, तितकी त्याची बॅटरी लहान; आणि बॅटरी जितकी लहान, तितके तिचे आयुष्य थोडे. उपकरणाने आपली शिदोरी आपणच मिळवावी, हा यावरचा एक उपाय.

येथेच खरी अडचण उभी राहते. वेचलेली वीज दोन दृष्टींनी दुबळी असते. एक तर ती फार थोडी असते. आणि दुसरे असे की तिचा दाब फार कमी असतो. ट्रान्झिस्टर नीट चालण्यास सुमारे अर्धा व्होल्ट तरी दाब हवा. अंगाच्या उबेवर चालणारी पट्टी मनगटावर बांधली, तर तिच्या दोन बाजूंच्या तापमानांत एकदोन अंशांचाच फरक पडतो आणि दाब मिळतो तो काही दशक मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचे काही शतांश. तो वाढविण्यासाठी मंडल हवे, आणि ते मंडल चालण्यासाठी वाढलेला दाब हवा! पेटीची किल्ली पेटीतच राहून कुलूप लागावे, तशी ही स्थिती होय. शिवाय त्या मंडलालाही स्वतःचा खर्च असतो. तो मिळकतीहून अधिक झाला, तर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशी गत व्हायची.

या कोड्यावर परिश्रम करणाऱ्यांत अनंत चंद्रकासन यांचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागते. चेन्नईत जन्मलेले आणि शालेय वयातच अमेरिकेत गेलेले चंद्रकासन बर्कले येथे डॉक्टरेट मिळवून १९९४ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात एम. आय. टी., या संस्थेत अध्यापक झाले. कमीत कमी विजेवर अधिकात अधिक काम करणारी मंडले रचणे, हा त्यांच्या संशोधनाचा प्रारंभापासूनचा ध्यास. २०१० च्या सुमारास त्यांनी व त्यांचे शिष्य योगेश रामदास यांनी उष्णतेपासून मिळणाऱ्या विजेसाठी एक मंडल तयार केले. किल्ली पेटीत अडकल्याची अडचण त्यांनी मोठ्या गमतीने सोडविली. त्यांनी त्यात एक लहानशी यांत्रिक कळ बसविली. मनुष्य चालू लागला, हात हलू लागला, की त्या हालचालीनेच ती कळ उघडझाप करी. आणि अवघ्या ३५ मिलिव्होल्टवर मंडल जागे होई. एकदा जागे झाल्यावर ते १.८ व्होल्टचा स्थिर दाब देऊ शके आणि मग त्याला त्या कळीची गरज उरत नसे. बॅटरी मुळीच नाही. पहिला धक्का शरीराच्या हालचालीचा, आणि पुढचा सारा योगक्षेम शरीराच्या उबेचा!

याहून आश्चर्यकारक असा एक सरवा आपल्या कानात आहे. त्याचा वृत्तान्त सांगण्यापूर्वी कानाची रचना थोडी पाहिली पाहिजे.

कानाच्या पडद्याच्या आत तीन इवलीशी हाडे आहेत, आणि त्यांच्याही पलीकडे, कवटीच्या अत्यंत कठीण अशा हाडात दडलेली, गोगलगायीच्या शंखाप्रमाणे वेटोळी झालेली एक नळी आहे. तिला आपण कर्णशंख म्हणू. मनुष्याचा कर्णशंख वाटाण्याएवढाच असतो. त्यात पडद्यांनी वेगळे केलेले दोन प्रकारचे रस असतात. एक रस शरीरातील इतर बाह्य रसांसारखाच, सोडियम अधिक आणि पोटॅशियम थोडे असलेला. दुसरा याच्या अगदी उलट, पोटॅशियमने भरलेला. नळीच्या बाजूच्या भिंतीत रक्तवाहिन्यांनी गजबजलेला एक पट्टा आहे. तो रात्रंदिवस पोटॅशियमचे विद्युत्भारित कण या दुसऱ्या रसात लोटीत असतो. त्यामुळे दोन रसांमध्ये सस्तन प्राण्यांत ७० ते १०० मिलिव्होल्ट इतका विद्युद्दाब कायम राहतो. ही कानाची जिवंत बॅटरीच होय. ध्वनीच्या लहरी आत पोचल्या, की सूक्ष्म केस असलेल्या पेशी डोलू लागतात, त्यांची इवलाली दारे उघडतात, पोटॅशियमचे कण या दाबाने आत शिरतात, आणि मज्जातंतूला संदेश मिळतो. देवळातली घंटा, आईची हाक, वर्गातला धडा, हे सारे आपण या बॅटरीच्या जोरावर ऐकतो. ती क्षीण झाली की ऐकूही कमी येते.

या दाबाचा शोध लावला तो जॉर्ज फॉन बेकेशी यांनी. ते मूळचे बुडापेस्टचे; तेथील टपालखात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करीत असता टेलिफोनवरून ते कानाकडे वळले. पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात असताना त्यांनी १९५२ साली कर्णशंखातील हा स्थिर दाब प्रसिद्ध केला. कर्णशंखाच्या कार्यासंबंधीच्या संशोधनाबद्दल त्यांना १९६१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी शास्त्रज्ञांना ठाऊक होती. परंतु तिच्यावर एखादे उपकरण चालवावे, हे मात्र साठ वर्षांत कोणाला साधले नव्हते. कारणही तसेच सबळ होते. त्या नाजूक पडद्याला धक्का लागला आणि दोन रस एकमेकांत मिसळले, तर श्रवणशक्तीच जायची.

बॉस्टन येथील कानाच्या शल्यविशारद डॉ. कॉन्स्टन्टिना स्टँकोविच आणि एम. आय. टी. मधील चंद्रकासन यांनी हे काम संयुक्तपणे अंगावर घेतले. पॅट्रिक मर्सिअर, सौरव बंद्योपाध्याय आणि अँड्र्यू लायसॅट हे तरुण संशोधक त्यांच्यासमवेत होते. त्यांचा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. गिनीपिगच्या कर्णशंखात, पडद्याच्या दोन बाजूंस, त्यांनी अतिशय बारीक टोकांचे विद्युदग्र बसविले आणि त्यांना सिलिकॉनची एक चिप जोडली. प्रयोगात ती चिप प्राण्याच्या शरीराबाहेर होती. पण कानाच्या मधल्या पोकळीत मावेल इतकी ती लहान होती.

आता हिशेब पाहू. या बॅटरीतून कमीत कमी मिळालेली शक्ती होती १.१२ नॅनोवॅट. एका वॅटचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोवॅट. सेलवर चालणाऱ्या साध्या मनगटी घड्याळाला सुमारे एक मायक्रोवॅट, म्हणजे याच्या जवळजवळ हजारपट शक्ती लागते. पृथ्वीवरील मनुष्यांची संख्या २०२२ साली आठशे कोटी झाली. त्या प्रत्येकाच्या एका कानातून एवढीच वीज काढता आली असे मानले, तरी साऱ्या मानवजातीच्या कानांवर नऊ वॅटचा एकच दिवा लागेल! एवढ्या मिळकतीवर चंद्रकासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना संसार करावयाचा होता.

पहिला प्रश्न असा की, बॅटरीतून किती घ्यावे? येथे एक साधे गणित कामी येते. विद्युदग्राचे टोक जितके बारीक, तितका त्याचा विरोध मोठा. उदाहरणादाखल, बॅटरी ८० मिलिव्होल्टची आणि वाटेतला विरोध एक मेगओहम, म्हणजे दहा लक्ष ओहम, आहे असे धरू. मंडलापाशी ६० मिलिव्होल्ट दाब राहील इतकेच घेतले, तर २० मिलिव्होल्ट वाटेत खर्च होतात. प्रवाह २० नॅनोअँपिअर, आणि शक्ती मिळते १.२ नॅनोवॅट. हाव धरून प्रवाह ६० नॅनोअँपिअरपर्यंत ओढला, तर मंडलापाशी २० मिलिव्होल्टच उरतात आणि शक्ती पुन्हा १.२ नॅनोवॅटच भरते. मात्र बरोबर अर्धा दाब, म्हणजे ४० मिलिव्होल्ट, राहू दिला, तर प्रवाह ४० नॅनोअँपिअर आणि शक्ती १.६ नॅनोवॅट. फार थोडे घेणाराही ठकतो आणि फार ओढणाराही ठकतो. मध्यम मार्गच लाभाचा! म्हणूनच या चिपच्या प्रवेशद्वाराशी दाब ३० ते ५५ मिलिव्होल्ट राहील अशी योजना केलेली होती.

दुसरा प्रश्न एवढासा दाब वाढविण्याचा. त्याची युक्ती नळावर समजते. नळ सोडून पाणी वेगाने वाहू द्यावे आणि एकाएकी बंद करावे. वाहते पाणी तत्काळ थांबत नाही. त्याच्या वेगामुळे नळीत क्षणभर मोठा दाब उत्पन्न होतो आणि ‘ठक्’ असा आवाज येतो. तारेच्या वेटोळ्यातील प्रवाहही असाच हट्टी असतो. कानाची वीज आधी वेटोळ्यातून वाहू देतात, आणि मग ती वाट एकाएकी तोडून दुसरी, साठवणीच्या कपॅसिटरकडे जाणारी, वाट मोकळी करतात. थांबू न इच्छिणारा प्रवाह आपला दाब वाढवून त्या साठवणीत जाऊन पडतो. मात्र प्रवाह शून्यावर येताच ते दारही त्या क्षणीच लागले पाहिजे. नाही तर साठविलेली वीज उलटी वाहून जाते. अशा उघडझापीने ०.८ ते १.१ व्होल्ट दाब मिळाला, आणि ट्रान्झिस्टरांना तो पुरला.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. बंद केलेला ट्रान्झिस्टरही पुरता बंद नसतो. जुन्या नळाप्रमाणे तो थेंब थेंब गळत राहतो. मोठ्या यंत्रात या गळतीकडे कोणी पाहत नाही. येथे मात्र तीच मिळकत खाऊन टाकील. म्हणून ही दारे अधिक घट्ट मिटावीत यासाठी पिकोवॅटमध्ये, म्हणजे नॅनोवॅटच्या सहस्रांशात, मोजावा लागेल एवढ्याच खर्चाचे एक साहाय्यक मंडल ठेवावे लागले. काळ मोजणारे आणि दाबाचे प्रमाण ठरविणारे भागही तितकेच मितव्ययी करावे लागले. हे सारे मिळून चिपचा नित्य खर्च ५४४ पिकोवॅटवर आला. मिळकत सुमारे १.१ नॅनोवॅट आणि घरखर्च तिच्या निम्मा. याला काटकसर म्हणावी की तपश्चर्या?

या विद्येत ‘ॲनालॉग’ मंडलांचे महत्त्व का, हेही येथे ध्यानात येईल. गणकयंत्रातील डिजिटल मंडल ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोनच उत्तरे जाणते. ॲनालॉग मंडलात दाब तापमापकातील पाऱ्याप्रमाणे सलगपणे चढतो आणि उतरतो. उष्णता, कंप, कानातील रसाचा दाब, या सर्वांची भाषा अशीच सलग असते. निसर्गाच्या दाराशी पहिले पाऊल टाकणारे मंडल म्हणूनच बहुधा ॲनालॉग असते, आणि तेथे गळतीचा प्रत्येक थेंब अभियंत्याला स्वतः मोजावा लागतो.

प्रयोगाचे फळ काय मिळाले? पहिला धक्का देण्यासाठी बाहेरून रेडिओलहरींचा एक झोत सोडावा लागला. ७० ते १०० मिलिव्होल्टवर चिप आपण होऊन जागी होऊ शकत नव्हती. परंतु एकदा जागी झाल्यावर ती कानाच्या विजेवरच चालली, जास्तीत जास्त पाच तासांपर्यंत. साठवण पुरेशी झाली की ती रेडिओचा एक क्षणिक संदेश पाठवी, आणि पुन्हा निद्रिस्त होऊन थेंब थेंब साठवू लागे. दोन संदेशांमध्ये ४० ते ३६० सेकंदांचे अंतर असे. संदेशात त्या बॅटरीच्याच दाबाचे माप असे; म्हणजे कान आपली प्रकृती आपल्याच विजेवर बाहेर कळवीत होता! विशेष गोष्ट ही की, विद्युदग्र बसविल्यावरही गिनीपिगांनी श्रवणाच्या चाचण्यांना नेहमीसारखाच प्रतिसाद दिला. कान जेवढे सुखाने देऊ शकेल तेवढेच घेतले होते, म्हणून हे साधले.

या यशाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. हा काही तासांचा, प्राण्यावर केलेला प्रयोग होता. बहिरेपणावरील उपचार नव्हे. वर्षानुवर्षे टिकतील आणि पडद्याला इजा न करतील असे विद्युदग्र बनविणे, हे काम त्या प्रयोगाने पुढच्या संशोधकांवर सोपविले. पण त्याचे मोल कमी नाही. कर्णशंख हाडात खोल दडलेला असल्यामुळे जिवंत मनुष्याच्या कानात काय बिघडते आहे, हे वैद्यांना आत डोकावून पाहता येत नाही. तेथे राहून, तेथलेच अन्न खाऊन, तेथल्या वार्ता कळविणारा एक हेर मिळाला, तर हळूहळू मंदावणाऱ्या श्रवणाची कारणे वेळेवर कळू शकतील. ज्या घरात आजोबांशी मोठ्याने बोलावे लागते, किंवा एखादे मूल हाकेला वळून पाहत नाही, त्या घराला याचे महत्त्व निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

विद्यार्थिमित्रहो, या विद्येचा पहिला धडा शाळेच्या प्रयोगशाळेतही गिरविता येतो. एका रसदार लिंबात तांब्याची जाड तार आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा एकमेकांस लागणार नाहीत असे खोचा. व्होल्टमापकावर एका व्होल्टच्या आतबाहेर दाब दिसेल. आता दोन टोकांमध्ये शंभर ओहमपासून दहा हजार ओहमपर्यंतचे निरनिराळे विरोधक एकेक करून जोडा, प्रत्येक वेळी दाब लिहून घ्या, आणि दाबाच्या वर्गाला विरोधाने भागून शक्ती काढा. कोष्टक पुरे झाले की पाहा: शक्ती सर्वांत अधिक कोठे मिळाली? जेथे दाब मूळच्या सुमारे निम्म्यावर आला होता, तेथेच. गिनीपिगच्या कानाशी चिप बसविणाऱ्यांनी जो हिशेब केला, तोच हा. त्यांच्या आणि तुमच्या आकड्यांत काही शून्यांचे अंतर आहे एवढेच. आणि ती शून्ये एकेक करून ओलांडण्यासच संशोधन असे म्हणतात.